काकांचा तिसरा सीटी स्कॅन

"आनी कित्याक रे?" काकांनी विचारलं. आमच्या घरात बोलणं कोकणीतून आणि लिहिणं-वाचणं मराठीतून, त्यामुळे पुढचं सगळं मराठीतच सांगतो. प्रश्न साधा होता. आता परत कशाला?

काकांचं म्हणणं गैर नव्हतं. गोव्यात सावईवेऱ्याच्या बाजूला त्यांचं कुळागर आहे. माड, पोफळी, पोफळींवर चढलेल्या मिरवेली, मध्ये जायफळाची चार झाडं. आयुष्यभर सुपारी पिकवली आणि त्यातली थोडी आयुष्यभर तोंडात ठेवली. गेल्या वर्षी जिभेच्या कडेला एक चट्टा आला, तो बरा होईना, तुकडा तपासला आणि जे निघायचं ते निघालं. (तंबाखू न घालता खाल्लेली सुपारीही कर्करोगाला कारण होते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली छापून ठेवलं आहे. कुळागरवाल्यांच्या घरात ते कोणी मोठ्याने वाचत नाही.) तेव्हा एक सीटी स्कॅन झाला. मग शस्त्रक्रिया जिथे व्हायची तिथे तोच स्कॅन पुन्हा झाला, कारण पहिल्या ठिकाणाहून आमच्या हातात दोन फिल्म आणि एक पानी रिपोर्ट एवढंच पडलं होतं. सीडी मागून घ्यायची असते हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि त्यांनीही आपणहून दिली नाही. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. आता शेक द्यायचे, म्हणजे किरणोपचार, तर त्याआधी आणखी एक स्कॅन.

"कापून काढलं ना सगळं? मग आता बघायचं काय राहिलं?"

मी उच्च माध्यमिकला भौतिकशास्त्र शिकवतो. उत्तर मला माहीत होतं, पण रुग्णालयाच्या बाकावर बसून ते दोन वाक्यांत सांगता येईना. "काका, हा स्कॅन बघायला नाही, मोजायला आहे," एवढंच बोललो. सुपारीच्या व्यापाऱ्याने काटा मारला की ते त्याच्याकडे जसं बघतात, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बाकावर राहून गेलेलं उत्तर इथे लिहितो आहे.

गंमत अशी, की सीटी स्कॅनमागचं गणित ज्या भौतिकशास्त्रज्ञाने सोडवून प्रयोगाने खरं करून दाखवलं, त्यालाही सुरुवातीला रोग बघायचा नव्हता. काकांच्या तिसऱ्या स्कॅनमधून जे हवं होतं नेमकं तेच त्याला हवं होतं. आकडे.

ॲलन कॉर्मॅक यांचा जन्म १९२४ सालचा, जोहान्सबर्गचा. आईवडील स्कॉटलंडहून दक्षिण आफ्रिकेत आलेले, वडील पोस्ट खात्यात इंजिनिअर, आई शिक्षिका. वडील १९३६ मध्ये गेले आणि कुटुंब केपटाऊनला स्थिरावलं. कॉर्मॅक आधी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला गेले, मग ते सोडून भौतिकशास्त्राकडे वळले. पुढे केंब्रिजला संशोधनासाठी गेले, तिथे थोर भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक यांच्या क्वांटम मेकॅनिक्सच्या वर्गात एक अमेरिकन विद्यार्थिनी भेटली, लग्न करायचं तर नोकरी हवी, म्हणून पीएचडी पुरी न करताच केपटाऊनला व्याख्याता म्हणून परत आले. ती पदवी त्यांनी नंतरही मिळवली नाही. एका वाक्यात सांगायचं तर चांगला, पण जगाच्या कडेला बसलेला मास्तर. मला हा माणूस आवडतो तो इथपासूनच.

१९५६ साली केपटाऊनच्या ग्रूट स्खूर रुग्णालयातल्या भौतिकशास्त्रज्ञाने नोकरी सोडली. तिथल्या कायद्याप्रमाणे किरणोत्सारी पदार्थ वापरायचे तर देखरेखीला त्या विषयातला माणूस हवाच. असा नियम आपल्याकडेही आहे. किरणोपचार करणाऱ्या रुग्णालयाला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते आणि तिथे वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ असावाच लागतो. डॉक्टर नव्हे, भौतिकशास्त्रवाला. रुग्णांपैकी फार थोडे त्याला कधी भेटतात. तर केपटाऊनमध्ये अणुभौतिकी येणारा हाताशी असलेला माणूस म्हणजे कॉर्मॅक. त्यांना सांगण्यात आलं, आठवड्यातून दीड दिवस इथे येत जा.

काम कंटाळवाणं होतं. किरणांजवळ काम करणाऱ्यांच्या छातीवर फिल्मचे बिल्ले असत, कोणाच्या अंगावर किती किरण पडले ते त्यावरून कळे. ते बिल्ले तपासायचे. आजही स्कॅन घेणाऱ्या तंत्रज्ञाच्या खिशाला असा बिल्ला लावलेला दिसेल, फक्त आता त्यात फिल्मऐवजी बहुधा छोट्या चकत्या असतात. पण हे काम करताना कॉर्मॅक यांची नजर शेजारच्या टेबलावर जात राहिली. तिथे कर्करोगाच्या रुग्णांना किरण कुठून, किती द्यायचे याची आखणी चाले. त्यासाठी छापील नकाशे होते, कुठल्या खोलीवर किती मात्रा पोहोचते ते दाखवणारे. आणि ते नकाशे असं धरून चालत, की माणसाचं शरीर आतून सगळं सारखं आहे.

सगळं सारखं! जबड्याचं हाड किरणांना जास्त अडवतं, स्नायू त्याहून कमी, फुप्फुसातली हवा जवळजवळ नाहीच. भौतिकशास्त्राच्या माणसाला हे बघून झोप कशी लागेल? कॉर्मॅक यांनी प्रश्न असा मांडला: शरीराच्या आत प्रत्येक ठिकाणी किरण किती अडतात याचा तक्ता हवा. आणि तो शरीर न उघडता, बाहेरून मोजून मिळाला पाहिजे.

आता कुळागरात येऊ.

समजा काकांचं कुळागर चौकोनी आहे, भोवती चिऱ्यांचा गडगा, आणि तुम्हाला आत पाय ठेवायला मनाई आहे. आत पोफळी कुठे दाट, कुठे विरळ, ते बाहेरून सांगायचं. रात्रीची वेळ. एका बाजूने मी बॅटरी मारतो, समोरच्या बाजूला तुम्ही उभे राहून उजेड किती पोहोचला ते बघता. मध्ये झाडं जास्त असतील तर उजेड कमी. पण त्यावरून इतकंच कळलं, की या सरळ रेषेत एकूण अडथळा किती. कुठलं झाड गडग्याजवळ आणि कुठलं पाटाकाठी, ते नाही कळलं. साधा एक्स-रे म्हणजे हेच. विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ च्या डिसेंबरात बायकोच्या हाताची हाडं फोटोच्या काचेवर उतरवली, तेव्हापासून आपण हेच करत आलो. पुढचं, मधलं आणि मागचं सगळं एकावर एक पडलेली सावली. फुप्फुसाची, बरगडीची आणि पाठीच्या कण्याची बेरीज एकाच कागदावर.

बेरीज हा शब्द मी मुद्दाम वापरला. खरं तर किरणांच्या वाटेत बेरीज होत नाही, गुणाकार होतो. पहिल्या थराने निम्मे किरण खाल्ले, दुसऱ्याने उरलेल्यातले निम्मे, तर पाव भाग पलीकडे पोहोचतो. पण गुणाकाराची बेरीज करणारी एक युक्ती गणितात आहे, लॉगरिदम. अकरावीची मुलं दरवर्षी मला विचारतात, सर, हे कुठे उपयोगी पडतं? इथे.

आता कुळागराचे चार चौक करू. वरचे दोन उत्तरेचे, खालचे दोन दक्षिणेचे. प्रत्येकात किती पोफळी, ते माहीत नाही. उत्तरेच्या दोन चौकांतून बॅटरी मारली, अडथळा ७ पोफळींचा. दक्षिणेच्या दोघांतून ६. मग बाजू बदलली. पश्चिमेच्या दोघांतून ४, पूर्वेच्या दोघांतून ९. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर उत्तर सापडेल: वायव्येला ३, ईशान्येला ४, नैर्ऋत्येला १, आग्नेयेला ५. पण थांबा. शेजारचा म्हणेल, वायव्येला २, ईशान्येला ५, नैर्ऋत्येला २, आग्नेयेला ४. त्याचंही जमतं! चारही बेरजा बरोबर येतात. दोघांत खरं कोण?

मग तिसरी बाजू हवी. कोपऱ्यातून कोपऱ्यात, वायव्येकडून आग्नेयेकडे बॅटरी मारायची. अडथळा ८ आला, तर माझं बरोबर. ६ आला असता, तर शेजाऱ्याचं. सीटी स्कॅनचं मर्म या तिरप्या बॅटरीत आहे. एका बाजूने पाहिलं तर सावली, दोन बाजूंनी पाहिलं तर वाद, आणि पुरेशा बाजूंनी पाहिलं तर एकच उत्तर. सीटीचं यंत्र त्या मोठ्या कड्यातून माणसाभोवती फिरतं ते याचसाठी. आजच्या स्कॅनमध्ये एका कापाचे चार नाही, बहुधा ५१२ गुणिले ५१२, म्हणजे २,६२,१४४ चौकोन असतात. प्रत्येकाचा आकडा शोधायचा. कागद-पेन्सिल मिटवून ठेवा.

त्यामुळे सीटीचं चित्र हा फोटोच नव्हे. कुठल्याही लेन्सने ते पाहिलेलं नाही. ते गणिताचं उत्तर आहे, आपल्याला आकडे वाचायचा कंटाळा म्हणून करड्या रंगात रंगवलेलं.

कॉर्मॅक यांनी १९५७ मध्ये केपटाऊनला जो प्रयोग केला तो दिसायला अगदी गरीब होता. ॲल्युमिनियमची एक गोल चकती, तिच्याभोवती लाकडाचं कडं. एका बाजूला कोबाल्ट-६० मधून येणारा गॅमा किरणांचा बारीक झोत, दुसऱ्या बाजूला गायगर काउंटर. वस्तू थोडी सरकवायची, मोजायचं, पुन्हा सरकवायची, पुन्हा मोजायचं. गोल वस्तू मुद्दाम निवडली, कारण ती कुठल्याही कोनातून सारखीच दिसते. एकाच बाजूने मोजलं की सगळ्या बाजूंचं काम होतं. मोजमापांवरून त्यांनी आपल्या सूत्राने उलटं गणित केलं. लाकूड किती अडवतं तो आकडा आला, ॲल्युमिनियमचा आला, दोन्ही ठीक. फक्त मधोमध एका लहानशा जागी आकडा जरासा चुकत होता.

माझ्या प्रयोगशाळेतलं पोर असतं तर म्हणालं असतं, सर, एक्सपेरिमेंटल एरर. आणि मीही सही करून टाकली असती. कॉर्मॅक यांनी चकती ज्या वर्कशॉपमध्ये बनली तिथे चौकशी केली. तेव्हा कळलं, की कारागिराने चकतीच्या मध्यभागी वेगळ्या प्रकारच्या ॲल्युमिनियमची खुंटी बसवली होती. डोळ्यांना दोन्ही सारखीच, चकचकीत. किरणांना मात्र फरक कळला होता, आणि गणिताने तो नेमक्या जागी दाखवला होता. कोणी न सांगितलेली, दडलेली गोष्ट बाहेरून सापडली. निदान म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? जगातला पहिला 'पेशंट' लेथवर कातलेली चकती होती, आणि आजार निघाला खुंटीचा.

त्याच वर्षी ते अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात गेले. हा त्यांचा मुख्य विषय कधीच नव्हता. नोकरी अणुभौतिकीची, हे सवडीने. १९६३ मध्ये त्यांनी गोल नसलेली वस्तू घेतली. बाहेर ॲल्युमिनियमचं कडं, ते कवटीसारखं. आत प्लास्टिक, ते मांसासारखं. आणि त्यात ॲल्युमिनियमच्या दोन चकत्या, गाठींच्या जागी. आता वेगवेगळ्या कोनांतून मोजणं भाग होतं. मोजमाप दोन दिवसांत झालं, आकडेमोड संगणकाने केली आणि दोन्ही 'गाठी' जागच्या जागी दिसल्या. १९६३ आणि १९६४ साली भौतिकशास्त्राच्या एका नियतकालिकात त्यांनी हे दोन लेखांत छापलं.

मग काय झालं? काही नाही. डॉक्टर लोक ते नियतकालिक वाचत नव्हते, आणि भौतिकशास्त्रवाल्यांना कवटीशी कर्तव्य नव्हतं. लेखाची प्रत मागणाऱ्यांत सगळ्यात मजेशीर पत्र स्वित्झर्लंडच्या हिमस्खलन संशोधन केंद्राचं होतं. डोंगरावर बर्फ किती साचलाय ते या पद्धतीने मोजता येईल का? येईल, कॉर्मॅक यांनी पुढे नोबेल व्याख्यानात मिस्कीलपणे सांगितलं, बर्फाखाली डोंगरात किरणांचा स्रोत किंवा मोजणारं यंत्र ठेवता आलं तर.

आणखी एक टोला त्यांना नंतर बसायचा होता. जे गणित त्यांनी एकट्याने बसून सोडवलं, ते योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितीने १९१७ सालीच सोडवून ठेवलं होतं. शुद्ध गणित म्हणून. सीटीचं स्वप्नही तेव्हा कोणाला पडलं नसेल. कॉर्मॅक यांना हे कळायला पुढची कितीतरी वर्षं गेली. केपटाऊनला कोणी राडोन वाचत नव्हतं, आणि राडोन वाचणारं कोणी रुग्णालयात बिल्ले तपासत नव्हतं. माझ्या मते दोष कोणाचाच नाही, पण हळहळ वाटतेच.

प्रत्यक्ष यंत्र बनवलं ते इंग्लंडमध्ये, गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी, आणि त्यांना कॉर्मॅक यांच्या लेखांची कल्पना नव्हती. हाउन्सफील्ड इंजिनिअर, महायुद्धात रडारवर काम केलेले, ईएमआय कंपनीत नोकरीला. बीटल्सच्या रेकॉर्ड काढणारी तीच ही कंपनी, त्यामुळे 'बीटल्सच्या पैशांतून सीटी स्कॅन जन्मला' असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो. गोष्ट ऐकायला छान आहे, पण ब्रिटनच्या आरोग्य खात्यानेही यात मोठा पैसा घातला होता, हे त्यात कोणी लिहीत नाही. हाउन्सफील्ड यांच्या पहिल्या जुळणीत एका वस्तूचं मोजमाप घ्यायला नऊ दिवस लागले होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विंबल्डनमधल्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेल्या एका बाईचा पहिला स्कॅन झाला. चित्र ८० गुणिले ८० चौकोनांचं. आजच्या मानाने खडबडीत, पण गाठ दिसली. त्या दिवसापर्यंत जिवंत माणसाच्या कवटीआडचा मेंदू असा कोणी पाहिलेला नव्हता.

१९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड यांना मिळून मिळालं. एकाकडे पीएचडी नाही, दुसऱ्याकडे विद्यापीठाची पदवीच नाही, आणि डॉक्टर तर दोघांपैकी कोणीच नाही. मेजवानीच्या भाषणात कॉर्मॅक म्हणाले, की आम्हा दोघांचं मिळून वैद्यकाचं ज्ञान औषधाच्या लहानशा चिठ्ठीवर मावेल.

इथे एक अडचण सांगायला हवी, नाहीतर कोणी हुशार वाचक मला पकडेल. चार चौकांचं कोडं बेरजा-वजाबाक्यांनी सुटलं, पण लाखो चौकोनांचं तसं सोडवत बसणं त्या काळच्या संगणकांना जड होतं. म्हणून दुसरी वाट निघाली, तिला मी रांगोळीची वाट म्हणतो. एका बाजूने मोजलेला अडथळा त्या पूर्ण रेषेवर सारखा पसरून टाकायचा, चिमटीतून रांगोळीची रेघ ओढावी तसा. जिथे अडथळा जास्त तिथे जाड रेघ. मग दुसऱ्या कोनातून रेघा, मग तिसऱ्या. जिथे खरंच झाड आहे तिथे सगळ्या कोनांच्या रेघा एकमेकींना छेदतात आणि ढीग साचतो. फक्त त्या ढिगाभोवतीही पावडर सांडलेली असते, चित्र धुक्यातल्यासारखं पुसट येतं. ते टाळायला रेघ ओढण्याआधीच तिच्या दोन्ही कडांना थोडी 'उणे' रांगोळी घालायची, म्हणजे शेजारी सांडलेलं तेवढं खोडलं जातं. उणे रांगोळी बाजारात मिळत नाही, संगणकात मिळते. बरीच वर्षं जगभरच्या यंत्रांत मुख्यतः हीच पद्धत चालली. आता संगणक दणकट झाल्यामुळे कोडं पुन्हा पुन्हा सुधारत सोडवण्याची जुनी वाटही परत आली आहे.

तर काकांच्या स्कॅनमधून आकडे मिळतात ते कसे? मोजपट्टीला हाउन्सफील्ड यांचंच नाव आहे. पाणी म्हणजे ०. हवा म्हणजे उणे १०००. चरबी उणे १०० च्या आसपास, स्नायू ४० ते ६०, आणि घट्ट हाड हजाराच्या घरात. प्रत्येक चौकोनाला असा एक आकडा. रोग शोधताना डॉक्टर त्यांची चित्रं करून बघतात. शेक देताना मात्र आकडे सरळ गणितात जातात: या कोनातून किरण सोडले, वाटेत गालाचं मांस, मग जबड्याचं हाड, मग तोंडातली हवा, तर शस्त्रक्रियेच्या जागेवर किती पोहोचतील आणि मागच्या मणक्यातल्या मज्जारज्जूवर किती? १९५६ साली कॉर्मॅक यांना जो तक्ता हवा होता तो हाच. अशा शेकांत सगळी मिळून मात्रा बहुधा ६० ग्रे (ग्रे म्हणजे शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांचं माप) असते, ती तीस बैठकांत वाटून देतात. एवढी मात्रा अंदाजाने देण्याची गोष्ट नाही. मधल्या काळात सीटी स्कॅन डोकेदुखीपासून अपघातापर्यंत कुठे कुठे वापरात गेला, आणि मुळात तो ज्यासाठी सुचला ते काम आमच्या काकांना जगावेगळं वाटलं.

त्यांच्या स्कॅनमध्ये एक खोडा होता. काकांच्या वरच्या दाढेला सोन्याची टोपी आहे, लग्नाच्या आधीची. स्कॅन झाल्यावर तिथल्या भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी मला पडद्यावर दाखवलं: दाढेपासून चहूबाजूंनी पांढऱ्या-काळ्या रेघा फुटल्या होत्या, दिवाळीतल्या भुईचक्रासारख्या. सोन्यातून किरण पार होतच नाहीत म्हटलं तरी चालेल. कुळागरात मधोमध चिऱ्यांची भिंत असावी तसं. बॅटरी कुठूनही मारा, त्या रेषेत पलीकडे अंधार, आणि बेरजा जुळवता जुळवता गणित त्या रेषांवर वेडंवाकडं उत्तर देतं. "म्हणजे इथले आकडे खोटे?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "हो, म्हणून हे आम्ही हाताने दुरुस्त करणार. इथे मांस आहे हे आपल्याला माहीत आहे, तर मांसाचा आकडा भरायचा." मग माउसने त्या भुईचक्राभोवती कुंपण घालत बसल्या. एकेका कापावर. मला आमच्या खुंटीवाल्या चकतीची आठवण झाली, फक्त इथे चुकीचा आकडा खरोखरच चुकीचा होता. कुठला आकडा खरं सांगतो आणि कुठला खोटं, हे यंत्र सांगत नाही.

किरणांच्या भीतीबद्दल थोडंसं, कारण काकूंनी तो प्रश्न केलाच. माती, हवा, अन्न, आकाश यांतून जगात सरासरी माणसाच्या वाट्याला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट (किरणांपासूनचा धोका मोजायचं माप) किरण येतात. छातीच्या साध्या एक्स-रेचे साधारण ०.१ किंवा त्याहून कमी. डोक्याच्या सीटीचे साधारण २, पोटाच्या सीटीचे ८ ते १०. म्हणजे सीटी हा काही फुकटचा नाही. गरज असेल तर बेलाशक करावा, पण सीडी हरवली म्हणून करू नये. आमचा दुसरा स्कॅन त्या जातीचा होता आणि तो मला अजून सलतो. हातात रिपोर्ट देतील तेव्हा सीडी मागून घ्या, घरी जपून ठेवा. तिसऱ्याबद्दल मात्र तक्रार नाही. साठ ग्रे नेमके कुठे पडावेत हे ठरवण्यासाठी लागणारी मात्रा त्यापुढे अगदीच किरकोळ आहे.

कॉर्मॅक यांनी नोबेलच्या आधी, १९७६ साली, आणखी एक गोष्ट करून पाहिली होती: एक्स-रेऐवजी प्रोटॉनचा झोत वापरून तसंच चित्र काढणं. प्रोटॉन ही चीज न्यारी. एक्स-रे शरीरात शिरून पार पलीकडे जातात, वाटेत थोडे थोडे सांडत. प्रोटॉन ठरावीक खोलीवर जाऊन थांबतो आणि बरीचशी ऊर्जा थांबता थांबता टाकतो, पाडेल्याने माडावर चढून नेमका हवा तोच घड उतरवावा तशी. त्यामुळे कर्करोगाच्या उपचारात त्याला मोल आहे. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात प्रोटॉनचे उपचार सुरू झाले आहेत, आणि गोव्यातून 'टाटाला' जाणाऱ्यांची वाट जुनीच आहे. पण थांबणार कुठे, हे ठरवायचं तर वाटेतल्या प्रत्येक चौकोनाचा आकडा आणखी काटेकोर हवा. सीटीच्या आकड्यांवरून प्रोटॉनचा हिशेब करताना थोडी चूक उरते. ती घालवायला प्रोटॉननेच चित्र काढावं, यावर आज पुन्हा जोरात काम चालू आहे. कॉर्मॅक १९९८ मध्ये गेले. ते पहिल्याच प्रश्नापाशी येऊन थांबले होते असं मला वाटतं: किरण आत नेमके कुठे, किती?

काकांच्या त्या तिसऱ्या स्कॅनआधी एक विधी झाला तो मात्र त्यांना आवडला. जाळीदार पांढऱ्या प्लास्टिकचा तुकडा गरम पाण्यात बुडवला, तो ओल्या पापडासारखा लुळा पडला, मग तंत्रज्ञाने तो काकांच्या चेहऱ्यावर ताणून बसवला आणि कडा टेबलाला अडकवल्या. काही मिनिटांत गार होऊन कडक. नाक, हनुवटी, कपाळ, सगळं हुबेहूब. रोज त्याच जाळीखाली, त्याच जागी डोकं, मिलिमीटरभर इकडे-तिकडे नाही. नाहीतर लाखो चौकोनांचा एवढा हिशेब वाया. भिंतीवरून लेझरच्या लाल रेघा जिथे जाळीवर पडल्या तिथे पट्टी चिकटवून शाईच्या फुल्या केल्या. काकांनी आत गुदमरत्या आवाजात विचारलं, "श्वास घेऊ ना रे?" घ्या, घ्या.

तीस शेक संपले. तोंड कोरडं पडतं, चव अजून पुरती परत आलेली नाही, विडा कायमचा सुटला. शेवटच्या दिवशी त्यांनी ती जाळी मागून घेतली. घरात आणायला काकू तयार नव्हत्या, तेव्हा ती कुळागरातल्या मांगरात, कोयत्याशेजारच्या खिळ्यावर टांगली आहे. काकांचाच चेहरा, पण कपाळावर आणि दोन्ही गालांवर फुल्या. परवा पाडेली नारळ काढायला आला तो बघून दचकला. "ते काय आहे, भाटकार?"

"माझा तिसरा स्कॅन," काका म्हणाले. "तो बघायला नव्हता."